होटगीला बर्फ पडतो तेव्हा

सोलापुरात बर्फ दोनच ठिकाणी भेटतो. एक रसवंतीच्या कोपऱ्यात पोत्याखाली, दुसरा गोळेवाल्याच्या रंध्यावर. तो रस्त्यावर पडलेला दिसला तर इथला माणूस आधी बर्फाची गाडी कुठं उलटली ते बघेल. तरीही बर्फात गाडी कशी चालवायची हा विषय दर नोव्हेंबरात माझ्याकडंच येतो, कारण भाचा होटनला आहे.

होटन म्हणजे मिशिगन राज्याच्या पार वरच्या टोकाचं, लेक सुपिरियरकाठच्या किविनॉ द्वीपकल्पावरचं गाव. स्पेलिंग बघून कुणी हाऊटन म्हणतं, कुणी हॉगटन. तिथली माणसं होटन म्हणतात. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी त्याचं होटगी करून टाकलं. शेजारच्या काकू विचारतात, "नातू कुठं असतो ओ?" आई म्हणते, "होटगीला." "मग गड्ड्याच्या जत्रेला का येत नाही?" "तिकडं लई बर्फ पडलाय." काकू गप्प होतात. होटगी स्टेशन आमच्या घरापासून रिक्षानं जाता येईल इतकं जवळ आहे.

बर्फाला कारण ते सरोवर. कॅनडाकडून कोरडा, गार वारा सुटतो, अजून न गोठलेल्या पाण्यावरून येता येता वाफ उचलतो आणि जमिनीवर चढला की सगळा माल तिथंच उतरवतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात किविनॉत ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे, म्हणजे साडेबत्तीस फूट. अशा गावात, तेही चढणीवर वसलेल्या, भाच्यानं जुन्या बाजारातून गाडी घेतली ती दोन दारांची, लांब नाकाची, पुढं आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्याची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. गाडीचं नाव सांगत नाही. बिचारीचा दोष नाही, ती उन्हाळ्यासाठी जन्मली होती.

या गाडीचं दुखणं सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. परतीच्या पावसात काळ्या रानाच्या वाटेवर रिकामी पिकअप घालून बघा. तीच पिकअप कांद्याच्या गोण्या भरून मार्केट यार्डाकडं निघते तेव्हा सरळ जाते, आणि माल टाकून रिकामी परत आली की शेपूट हलवायला लागते. चाक तेच, ड्रायव्हर तोच, फरक मागच्या वजनाचा. इंजिन पुढं बसलेलं, चालवणारं चाक मागं, आणि त्या चाकावर जमिनीला दाबून धरणारं काही नाही. पुढच्या चाकाची गाडी ही बैलगाडीसारखी: बैल जिकडं वळला तिकडं गाडी मुकाट येते. मागच्या चाकाची गाडी ही हातगाडीसारखी: ढकलणारा मागं, आणि त्यानं जरा एका बाजूनं जास्त रेटलं की गाडी आडवी. आणि इथं ढकलणारा चारशे घोड्यांचा आहे.

तर पहिली गोष्ट टायर. यावर भाच्याशी दोन आठवडे वाद झाला, कारण त्याच्या गाडीला मागं २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते आणि ते दिसायला फार झकास होते. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. (सोलापुरात पारा सातवर आला तर पेपरात शेकोटीचा फोटो पहिल्या पानावर येईल.) उणे दहाला ते रबर म्हणजे आपली कडक भाकरी, जमिनीला चिकटायचा प्रश्नच नाही. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं आणि त्याच्या गोट्यांवर, म्हणजे नक्षीच्या उंच ठोकळ्यांवर, ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. ओळखायचं कसं, तर बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड प्लस स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर दुकानदाराला रामराम करून निघायचं.

"मागचे दोनच बदलतो मामा, ताकद तिथंच हाय की," असं त्याचं म्हणणं. काय बे, ब्रेक कोण मारणार, वळणार कोण? पुढं भाकरी आणि मागं हिवाळी टायर असले तर गाडी निघेल मस्त, पण वळणार नाही आणि थांबणार नाही. चारही बदलायचे. आणि रुंद नाही, अरुंद घ्यायचे. २७५ च्या जागी २३५ चालतात, रिम एक इंच लहान घेतली तर पैसेही वाचतात. फक्त ती ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, ते आधी बघायचं. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खाली रस्त्यापर्यंत जातो. आपल्याकडं बैलगाडीचं चाक चिखलात का चालायचं, ते आठवावं. गोट्यांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो हिवाळी टायर नावापुरता.

हवेचंही एक आहे. आपल्याकडं चिखलात हवा कमी करतात आणि ते तिथं बरोबर आहे. होटनच्या रस्त्यावर तो शहाणपणा चालत नाही. पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआय आपोआप उतरते. ऑक्टोबरात २० अंशांना भरलेले ३३ पीएसआय जानेवारीत उणे १८ ला २६ वर येतात, आणि कुणी काढलेली नसते. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेला आकडा गार टायरवर मोजून भरायचा. महिन्यातून एकदा तरी.

दुसरी गोष्ट वजन. इथं सगळं घर तज्ज्ञ झालं. आई म्हणाली, मागच्या सीटवर मित्र बसव. (त्या मागच्या सीटवर मांजर बसलं तरी त्याचे गुडघे कानाला लागतील.) अक्का म्हणाली, ज्वारीच्या पिठाची पोती ठेव, लागलं तर भाकरी तरी होतील. खरा उपाय रेती. तिकडं हार्डवेअरच्या दुकानात लांबट पिशवीत ६० पौंडांची, म्हणजे २७ किलोची रेती विकत मिळते. रेती विकत आणि ती किलोवर, हे ऐकून भीमाकाठचा माणूस क्षणभर स्तब्ध होतो. अशा दोन पिशव्या पुरतात. त्या ठेवायच्या कुठं हे वजनापेक्षा महत्त्वाचं: डिक्कीत पुढं सारून, शक्यतो मागच्या एक्सलच्या डोक्यावर. पार मागच्या टोकाला ठेवल्या तर गाडीचं नाक हलकं होऊन स्टेअरिंग ऐकत नाही, आणि शेपूट सुटलं की तेच वजन लंबकासारखं ओढत नेतं. पिशव्या पट्ट्यानं बांधायच्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर पंचावन्न किलो रेती मानेवर येते. मीठ मात्र भरायचं नाही. सांडलं तर डिक्कीचा पत्रा खातं, आणि पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साधं मीठ बर्फ वितळवायलाही फारसं उपयोगी नाही. तिसरी पिशवी नको, थांबायला लागणारं अंतर वाढतं. त्यापेक्षा टाकी भरलेली ठेवायची. ६० लिटर पेट्रोल म्हणजे चव्वेचाळीस किलो, तेही मागच्याच बाजूला.

आता पाय. टायर आणि रेती पैशानं येतात, पाय येत नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची. पहिल्यात चाकाला जोर इतका मिळतो की ते जागच्या जागी फिरतं. क्लच सावकाश पूर्ण सोडायचा आणि मग अ‍ॅक्सिलरेटरखाली पापड आहे असं समजून दाबायचं. पापड मोडला की चाक फिरलंच. चिखलात फिरतं चाक निदान गोट्यांतली माती तरी भिरकावतं. बर्फावर उलटं होतं: फिरत्या चाकाच्या उष्णतेनं वरचा थर वितळतो, लगेच गोठतो, आणि आपण स्वतःच्या हातानं स्वतःच्या चाकाखाली फरशी बसवून घेतो. म्हणून आपल्या रानातला मंत्र, "दाब बे, दाब, निघतीय," हा होटनला शिवीसमान समजावा.

वळणावर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत. गिअर उतरवताना झटका नाही. ही बारकी गोष्ट पुढच्या चाकाची गाडी चालवलेल्यांना माहीत नसते. इंजिनचा ब्रेक, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जे रोखतं तो, या गाडीत फक्त मागच्या चाकांना लागतो. घसरड्या उतारावर तिसऱ्यातून खाडकन दुसरा टाकला की मागची चाकं क्षणभर जाम होतात, आणि हॅण्डब्रेक ओढल्यासारखी गाडी फिरते. अशा वेळी क्लच दाबून चाकांना मोकळं करायचं.

एवढं करूनही शेपूट सुटतंच. सुटलं की डोळे कुठं ठेवायचे, हा प्रश्न आहे. माणूस नेमका ज्या खांबाला आपटायचं नाही त्याच्याकडं बघतो आणि हात डोळ्यांमागं जातात. बघायचं ते जायचंय तिकडं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढायचा, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही. शेपूट उजवीकडं गेलं तर स्टेअरिंगही उजवीकडं. आणि गाडी सरळ व्हायला लागली की लगेच, चहाचा घोट घेण्याआधी, स्टेअरिंग परत सरळ. हे दुसरं काम लोक विसरतात आणि शेपूट दुप्पट जोरानं दुसऱ्या बाजूला जातं. पहिली घसरण गाडीची असते, दुसरी आपली. रिकाम्या पार्किंगमध्ये, जिथं खांब नाहीत तिथं, तासभर मुद्दाम घसरून बघावं.

चढावर एकच नियम. पुढची गाडी माथ्यावर पोचेपर्यंत खाली थांबायचं. मधे थांबलेली मागच्या चाकाची गाडी परत निघत नाही, ती उलटी खाली येते, आणि मागच्यांना तोंड दाखवायची सोय राहत नाही.

आता रुतली तर. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, साधा असेल तर तो फार समतावादी असतो: दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, पण जितका दुबळ्याला झेपेल तितकाच. एक चाक कोरड्या डांबरावर असलं तरी बर्फातलं फिरत राहतं आणि दुसरं बघत बसतं. आपल्या ट्रॅक्टरला यासाठीच डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो. भाच्याच्या गाडीत लिमिटेड स्लिप, म्हणजे एकट्या चाकाला मोकाट फिरू न देणारं डिफरन्शियल आहे, म्हणून दोन्ही चाकं ओढतात. पण सुटली तर दोन्ही एकदमच सुटतात आणि गाडी रस्त्याच्या उताराकडं आडवी सरकते. सुख कुठंच पूर्ण नाही.

अशा गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटर वर. आठ इंच बर्फात ती नांगर होते, आणि मग पोटाखाली बर्फ दाबला जाऊन गाडी त्याच्यावर चुलीवरच्या हंड्यासारखी बसते. चाकं खाली लोंबतात. आता चाकाखाली काहीही घाला, त्याच्यावर वजनच नाही. म्हणून आधी फावडं घेऊन पोटाखालचा बर्फ उपसायचा, मग चाकांच्या पुढं-मागं हातभर वाट करायची, मग रेती टाकायची (पिशव्या यासाठीही). ट्रॅक्शन कंट्रोल या वेळेपुरतं बंद, कारण चाक जरा फिरलं की ते इंजिनची ताकदच काढून घेतं. मग दुसरा गिअर, रिव्हर्स, दुसरा गिअर, असा हलका झोका. चार-पाच झोक्यांत निघाली नाही तर परत फावडं. गाडी चालू ठेवून आत बसायची वेळ आली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बर्फानं बुजलं तर धूर आत येतो, आणि त्या विषारी वायूला वास नसतो.

आपल्याकडं रुतल्या चाकाखाली तुराट्या घालतात, पोतं घालतात. कडबा घालायला कुणी देत नाही, त्याचा भाव बघता माणूस स्वतः आडवा होईल. होटनला तुराट्या नाहीत. भाच्यानं आधी पायपुसणी घातली. ती चाकानं मागं पंधरा फुटांवर भिरकावली. मागं उभं राहून ढकलणाऱ्या मित्राला तेव्हापासून मैत्रीचा पुनर्विचार करावासा वाटतो. मी सांगितलं होतं, जाडंभरडं आणि ताठ असेल तेच घाल, गाडीच्या मागं कुणी उभं राहू देऊ नको, आणि मऊ कापड तर मुळीच घालू नको, ते चाकाबरोबर फिरत जाऊन एक्सलला गुंडाळतं.

हिवाळ्यात गाडीत कायम एक फावडं, टॉर्च आणि पांघरूण असावं, असं मी सांगितलं होतं त्यावर अक्कानं पांघरूण म्हणून सोलापुरी चादर पाठवली होती. जॅकार्डची, मोराची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. तिचं वजन, विणीची भरड आणि लांबी बघून भाच्याला वाटलं, हे जाडंभरडं. व्हिडिओ कॉलवर तो गाडीखाली झोपलेला दिसला, हातात कात्री. मोराचा पिसारा डिफरन्शियलपाशी होता.

अक्का काही बोलली नाही, फक्त फोन आईकडं दिला. आईनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं? होटगीत धोबी न्हाई का?"