वजनं उचलल्याने पोरींची उंची खुंटत नाही हो!

आमच्या परळ-लालबागच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, "खेळणाऱ्या मुलांना वजनं उचलायला लावू नका, उंची खुंटते, अंग आखडतं, खेळाआधी दहा मिनिटं स्ट्रेचिंग केलं की दुखापत होतच नाही". मी कबड्डीच्या पोरींना शिकवते आणि या मेसेजपायी गेल्या आठवड्यात दोघींच्या आयांनी त्यांचा व्यायाम बंद केला, म्हणून लिहितेय.

आधी उंचीचं, कारण खरी भीती तीच. जाणतं माणूस समोर उभं आहे, वजन झेपेल तेवढंच आहे, तर उंची खुंटते असं कुठेही दिसलेलं नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा असा व्यायाम सुरक्षित मानते. आणि चढाईत उडी मारून एका पायावर उतरताना अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो, तो चालतो आणि पाच किलोचं डंबेल चालत नाही?

अंग आखडतं म्हणे. पूर्ण खाली जाऊन बैठका मारल्या तर लवचिकता वाढते, स्ट्रेचिंगने वाढते जवळपास तेवढीच. शिवाजी पार्कात मल्लखांबावरची पोरं बघून या एकदा.

आता स्ट्रेचिंग. 2014 साली 25 अभ्यास आणि 26 हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून बघितली, तर ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आलेल्या, स्ट्रेचिंगने मात्र काही फरक नाही. कारण साधं आहे, जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि बऱ्याचदा तिथेच फाटतो, म्हणजे त्याला त्या ताणात ताकद पाहिजे, नुसता ताण देऊन काय होणार? त्यासाठी आम्ही नॉर्डिक नावाचा व्यायाम करतो, मॅटवर गुडघे टेकायचे, मागे मैत्रिणीने घोटे घट्ट धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. ज्या टीम हे नेमाने करतात त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. आमची सगळ्यात चपळ रेडर पहिल्या दिवशी अर्ध्यावरच धपकन हातांवर पडली, दोन दिवस जिना उतरताना कण्हत होती, आता छाती मॅटपासून वीतभर असेपर्यंत धरून ठेवते.

स्ट्रेचिंग वाईट नाही, संध्याकाळी घरी करा की, फक्त मॅचच्या तोंडावर एकेक मिनिट पाय ताणून बसू नका, जोर थोडा वेळ कमी होतो, त्यापेक्षा हलकं जॉगिंग आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं) बरे.

त्या दोघींच्या आयांनो, मंगळवारी साडेपाचला ग्राउंडवर या, वजन किती देते आणि कसं उचलायला लावते ते समोर उभं राहून बघा, मग ठरवा.