'खिचडी' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दारू सोडताना ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) बारा पायऱ्या आणि विचार बदलून भावना बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती या दोन्हींचा मला एकत्र कसा उपयोग झाला, या माझ्या लेखावर आपण 'एक समुपदेशक' या नावाने प्रतिक्रिया दिलीत. गेल्या चार दिवसांत ती मी पाच-सहा वेळा वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं: ए.ए.ची पहिली पायरी माणसाला हतबल ठरवते, तर विवेकनिष्ठ पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस त्याला स्वतःच्या भावनांची जबाबदारी घ्यायला सांगतात. दोन्ही एका ताटात वाढणं म्हणजे खिचडी, आणि 'ज्याने मानसशास्त्राचं एक पुस्तकही शिस्तीत वाचलेलं नाही' अशा माणसाने ती नव्या पेशंटला खाऊ घालू नये. शिवाय शास्त्रीय आधार, औषधं, मीटिंगमध्ये न दिसणाऱ्या बायका आणि सनावळीतली एक चूक.

चूक मान्य. एलिस यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली तेव्हा तिचं नाव आर.ई.बी.टी. (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) नव्हतं. नावात 'बिहेवियर' आलं ते १९९३ मध्ये. मी सरसकट १९५५ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. आभार.

आता 'शिस्तीत वाचलेलं नाही' या वाक्याबद्दल. हे आपण कशावरून ठरवलंत? नावापुढे पदवी लावली नाही म्हणून? मी सोबर आहे त्याला ११ वर्षं ४ महिने झाले. त्याआधी १४ वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची तीन तर दात घासायच्या आधीपासून. दोनदा ॲडमिट झालो. पहिल्या खेपेला एका समुपदेशकांनी दहा मिनिटांत निकाल दिला, 'तुम्हाला इच्छाशक्तीच नाही.' त्या संध्याकाळी मी प्यायलो. प्यायलो मी, दोष त्यांचा नाही. पण त्यांच्याकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि ते वाक्य आजही शब्दन् शब्द आठवतं. आपली भाषा वाचताना तीच खोली आठवली. आपण समोरच्या पेशंटशीही असंच बोलत असाल तर मला काळजी वाटते.

हतबल. हा एक शब्द उचलून आपण अख्खी प्रतिक्रिया उभी केलीत, पण पायरीचं पूर्ण वाक्य वाचलंत का? दारूपुढे आम्ही हतबल होतो, आमचं जगणं आवाक्याबाहेर गेलं होतं, असं आम्ही कबूल केलं. दारूपुढे. बायकोच्या बोलण्यापुढे नाही, साहेबाच्या मेमोपुढे नाही, स्वतःच्या विचारांपुढे तर नाहीच. पहिला घोट पोटात गेला की पुढचे किती हे माझ्या हातात राहत नाही, एवढंच ती पायरी सांगते. चौदा वर्षांत एकदाही राहिलं नाही. पण पहिला घोट घ्यायचा की नाही, त्याच्या आधीच्या तासाभरात मी स्वतःला काय काय सांगत होतो, ते सगळं माझ्याच हद्दीतलं. तिथे एलिस येतात.

आणि माणूस हतबलच ठरवायचा असता तर चौथ्या पायरीत स्वतःची झाडाझडती घ्यायला कशाला सांगितली असती? नववीत भरपाई करायला, दहावीत रोजच्या चुका रोज कबूल करायला? हतबल माणसाला कोणी इतकी कामं लावत नाही.

चौथ्या पायरीची माझी वही अजून कपाटात आहे. दोनशे पानी, पट्टीने रकाने आखलेली: कोणावर राग, कशाबद्दल, माझं काय दुखावलं, त्यात माझा वाटा काय. धाकट्या भावाच्या पानावर लिहिलंय: वास्तुशांतीच्या दिवशी दारातच सगळ्यांसमोर म्हणाला, 'दादा, आज तरी पिऊन यायचं नव्हतंस.' पहिले तीन रकाने गच्च भरलेत. चौथा वर्षभर कोरा होता. विवेकनिष्ठ पद्धत शिकल्यावर शेजारी लाल पेनाने लिहिलं: घटना, भाऊ एक वाक्य बोलला. माझा हट्ट, त्याने चारचौघांत असं बोलताच कामा नये आणि मला हे सहनच होणार नाही. परिणाम, स्टँडमागच्या दुकानात क्वार्टर. तो हट्ट कागदावर दिसला आणि चौथा रकाना त्याच रात्री भरला: मी खरंच पिऊन गेलो होतो. यात कोणती पद्धत कोणती, हे आपण वेगळं करून दाखवा.

उलट, नुसती वही पुरत नाही. तिसऱ्या वर्षी एका रात्री साडेअकराला तलफ आली तेव्हा मला एकही रकाना आठवला नाही. स्पॉन्सरला, म्हणजे ए.ए.मधल्या माझ्या अनुभवी वाटाड्याला, फोन लावला. ते रिक्षा चालवतात, शाळा सातवीपर्यंत. म्हणाले, 'चहा टाक, मी निघालो.' पहाटे चारपर्यंत बसले. दारूबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, पासिंगला किती खर्च आला तेच सांगत राहिले.

एलिस यांनी ए.ए.वर टीका केली होती, हे मलाही ठाऊक आहे. पण ए.ए.चे एक संस्थापक बिल विल्सन यांनीच, स्वतःची दारू सुटून वीसहून जास्त वर्षं झाल्यावर, १९५८ साली भावनिक सोबरपणाबद्दल लिहिलं. आपलं नैराश्य माणसांवर आणि परिस्थितीवर टेकून राहण्यातून येतं, हे त्यांनी उघड मांडलं. दारू सुटली तरी मनाचं काम उरतं, हे मी म्हणायच्या कितीतरी आधी त्यांनी म्हटलंय. आपल्याकडे विवेकनिष्ठ पद्धत मराठीत घरोघरी नेणारे डॉ. आनंद नाडकर्णी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राशीही जोडलेले आहेत. त्यांनाही खिचडी म्हणणार का?

'आधार काय?' असं विचारलंत. अमेरिकेत १७२६ जणांवर झालेल्या 'प्रोजेक्ट मॅच' या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार, वर्तन-विचार उपचार आणि प्रेरणा वाढवणारे उपचार, तिन्हींचे परिणाम जवळजवळ सारखे निघाले. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास होते. सलग दारूपासून लांब राहण्यात बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार इतरांपेक्षा सरसच ठरले. आपण समुपदेशक आहात, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं.

औषधांवर मी लिहीत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून सुरुवातीचे दिवस त्यांच्याच देखरेखीखाली काढा, हे लेखात होतं. बायकांचा मुद्दा माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

आमच्या ग्रुपची ओपन मीटिंग महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाला असते. तिला मद्यपी नसलेल्यांनाही येता येतं. पत्ता हवा असेल तर मेल करा, पण स्वतःच्या नावाने.