सिडेशन म्हणजे झोप नव्हे

‘सिडेशन दिलं की पेशंट झोपतो, मग सुई टोचायचीही गरज उरत नाही,’ हे दातांच्या उपचारांतल्या सिडेशनवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. सिडेशन, म्हणजे भीती-ताण कमी करणारी हलकी गुंगी, आणि पूर्ण भूल यांची गल्लत झालीय. अक्कलदाढ काढताना मी नायट्रस ऑक्साइड हा सिडेशनचा वायू घेतला होता. नाकावर छोटासा मास्क, दोन-चार मिनिटांत पायांच्या बोटांना मुंग्या, आणि खुर्चीचा दांडा आवळून धरलेली माझी मूठ कधी सुटली ते कळलंच नाही. पण जागी होते! डॉक्टर ‘तोंड अजून उघडा’ म्हणाले की उघडत होते. हिरडी बधिर करायचं इंजेक्शनही दिलंच. टोचलेलं कळलं, फक्त त्याचं काही वाटलं नाही. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन, की डोकं लख्ख.

गोळीतून किंवा शिरेतून देतात त्या मिडाझोलाम या सिडेशनच्या औषधाची गोष्ट वेगळी. त्याची गुंगी कितीतरी वेळ रेंगाळते. घरी न्यायला सोबत माणूस हवा, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आणि झोपेत श्वास अडकत असेल, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, कारण या औषधाने श्वास मंदावू शकतो. लेखात याबद्दल अवाक्षर नाही.