सेमिनार द्यावा तर असा

गणित विभागाच्या साप्ताहिक सेमिनारला बोलायचं आमंत्रण आलंय? अभिनंदन! आधी सारांश लिहा, पण तो पाठवा आदल्या रात्री. उगाच कुणी वाचून आलं तर पंचाईत. शीर्षकात 'काही' हा शब्द दोनदा यावा: 'काही समीकरणांविषयी काही निरीक्षणे'. हे पुढच्या वर्षीही चालतं.

वेळ ५० मिनिटांचा, तेव्हा स्लाइड ९० तरी हव्यात. बीमरमध्ये (गणितवाल्यांचं स्लाइड बनवायचं साधन) ओळीओळीला पॉज टाकला, म्हणजे दर ओळीला नवं पान केलं, की त्याच ९० च्या ३०० होतात. मग कुणी 'ती मघाची व्याख्या परत दाखवता का?' म्हणालं, की चाळीस वेळा मागचं बटण दाबत बसा. व्याख्या सापडेपर्यंत विचारणारा प्रश्न विसरलेला असतो.

जर्मन गणिती हिल्बर्टने १९०० साली पॅरिसच्या भाषणात गणितातल्या न सुटलेल्या आपल्या २३ प्रश्नांपैकी १० च सांगितले, बाकीचे छापायला ठेवले. तुम्ही अशी कच खाऊ नका. तेवीसच्या तेवीस लेमा (मुख्य प्रमेयाआधीची छोटी प्रमेयं), सिद्धतेसकट, झालेच पाहिजेत.

पहिली २० मिनिटं सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींना द्या. बीजगणितवाल्यांना ग्रुपची, म्हणजे त्यांच्या पहिल्या धड्यातली, व्याख्या सावकाश सांगा आणि स्पेक्ट्रल सिक्वेन्ससारखं किचकट तंत्र मिनिटभरात उरका. उदाहरण मात्र चुकूनही नको. एन बरोबर २ ही साधी केस घेतली तर सगळी कल्पना दोन ओळींत उघडी पडते आणि लोक म्हणतात, 'एवढंच होय!' चिन्हांचं म्हणाल, तर एक्सच्या डोक्यावरची टोपी सातव्या स्लाइडवर कम्प्लिशन दाखवू दे आणि अठराव्या स्लाइडवर फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे एकाच चिन्हाचे दोन निराळे अर्थ.

स्लाइड नकोत, खडूच बरा, असं वाटत असेल तर उत्तमच. फळ्याकडे तोंड करून बोला. उजव्या हाताने लिहा, डाव्या हाताने पुसा, आणि मधल्या सूत्रासमोर स्वतः उभे राहा. सरकते फळे असतील तर व्याख्या लिहिलेल्या फळ्यावरच दुसरा ओढून घ्या. मुख्य प्रमेयाची जागा अगदी तळाशी, म्हणजे तिसऱ्या रांगेपासून मागे फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. ते लिहायला सुरुवात ४८ व्या मिनिटाला करावी. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं की 'फक्त दोन मिनिटं' म्हणा. (सेमिनारमधल्या दोन मिनिटांना वरची मर्यादा नसते.)

प्रश्नोत्तरांत खरा धोका पहिल्या रांगेत असतो. तासभर डोळे मिटून बसलेले ज्येष्ठ प्राध्यापक अचानक विचारतात, 'कॅरेक्टरिस्टिक २ मध्ये काय होतं?' (तिथे २ म्हणजेच शून्य.) बाराव्या स्लाइडवर तुम्ही बिनदिक्कत २ ने भागलंय, हे त्यांना झोपेतही ऐकू आलेलं असतं. 'फार छान प्रश्न, नंतर बोलू' एवढंच म्हणा. प्रमेयात घातलेल्या अटीवरचा 'कॉम्पॅक्टनेस नेमका कुठे वापरलात?' हा त्याहून वाईट. तो कुठेच वापरला नसेल, तर एक तर तुमचं प्रमेय तुम्ही सांगताय त्याहून बळकट आहे, नाहीतर चुकलेलं आहे. दोन्हींची शहानिशा भर सभेत कशाला?

विभागातल्या इतरांची काळजी नको. ते शेवटच्या रांगेत परीक्षेचे पेपर तपासतात आणि टाळ्यांना बरोबर मान वर करतात. फक्त पीएचडीची एखादी नवी विद्यार्थिनी वही घेऊन पुढे येईल आणि म्हणेल, 'सर, एन बरोबर २ साठी एकदा करून दाखवता?' ती केस तुम्ही स्वतः कधी केलेली नसेल, तर दार कुठल्या बाजूला आहे ते आल्या आल्याच पाहून ठेवा.