दंडकारण्यातली ती ‘अज्ञात जमात’ आहे तरी कुठं?

नागपुरात नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीला होस्टेलमधल्या मैत्रिणीनं विचारलं, "तुमच्यात लग्नच करत नाहीत म्हणे?" भाची गोंड, मीही गोंड, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातला. हा प्रश्न आला कुठून, ते मला लगेच कळलं. सध्या एक फॉरवर्ड गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. दंडकारण्यात पाच हजार वर्षांपासून लपून राहिलेली एक अज्ञात जमात आहे म्हणे. बाहेरच्या माणसाचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही. पोट्टे-पोट्ट्या गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, मोकाट राहतात, बाप कोण ते कोणालाच ठाऊक नसतं. पिकासाठी माणूस कापतात, बायांना जंगलात हाकलतात आणि बोलतात पाखरांसारखं. एवढं सगळं लिहिलं, पण जमातीचं नाव नाही. काहून नाही? कारण अशी जमातच नाही. चार मुलखांतल्या चिंध्या जोडून शिवलेली गोधडी आहे ही.

फॉरवर्डखालचा फोटोच बघा ना. शिंगांचे मुकुट घातलेले ते लोक बस्तरचे दंडामी माडिया, म्हणजे गोंडांचीच एक शाखा आहेत. गव्याच्या शिंगांचा तो मुकुट नाचाला घालतात. फॉरवर्डवाला म्हणतो, शिकारीला घालतात. बाप्पा, तेवढं डोक्यावर घेऊन एकदा बांबूच्या रांजीतून पळून दाखव.

आता गोटुल. सगळ्यात घाण इथंच केली आहे, आणि भाचीला ऐकावं लागलं तेही यामुळंच. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर, म्हणजे तिकडच्या गोटुलावर, 1947 साली जाडजूड पुस्तक काढलं. तेव्हापासून घोटुल म्हटलं की शहरातल्या माणसाला तेवढंच सुचतं. मुरियांची तरुण पोरं-पोरी रात्री तिथं एकत्र झोपत, हे त्यात आहे. ते मी नाकारत नाही. पण ज्यांनी तेवढंच पान उघडलं त्यांनी पुढची पानंही उलटावीत. पोरांना चेलिक आणि पोरींना मोटियारी म्हणत. प्रत्येकाला हुद्दा होता, कामं वाटून दिलेली होती. सरपण आणायचं, झाडलोट करायची. कामचुकारपणा केला की दंड. लग्न आई-बाप कूळ बघून लावून देत आणि लग्न झालं की घोटुल सुटे. याला मोकाट म्हणायचं असेल तर त्या मैत्रिणीच्या होस्टेललाही म्हणा.

आणि हे मुरियांचं, तेही बस्तरमधलं. आमच्या गावच्या गोटुलात पोरी रात्री झोपत नाहीत. तिथं ग्रामसभा बसते, पाहुणा आला तर त्याची खाट पडते, कोपऱ्यात ढोल टांगलेले असतात आणि भिंतीवर तेंदूपत्त्याच्या मजुरीची यादी चिकटवलेली असते. यादीपुढची गर्दी सोडली तर चोरून बघण्यासारखं तिथं काही नाही. शेजारच्या मेंढा गावानं गोटुलासाठी सागवान वापरलं म्हणून वनखात्यानं ते पाडलं होतं. त्यावर आजूबाजूच्या गावांनी आपापली गोटुलं उभी केली. हेच मेंढा पुढं 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत होतं.

लग्नाचं म्हणाल तर आमच्यात नियम इतके आहेत की पोरं वैतागतात. कुळाचे देव किती, त्यावरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे आमचे गट. सहा देव्यांच्या घरात सहा देव्यांची सून येत नाही. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की म्हातारे आधी देव विचारतात, मग नोकरी. बाप ठाऊक नसता तर देव कोणाचे मोजले असते?

नरबळीबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजांच्या दप्तरात 1840 च्या सुमाराला ज्या मेरिया नावाच्या नरबळींचा गाजावाजा आहे, ते ओडिशातल्या कंध जमातीचे. तिथली कथा उचलून आमच्या माथी मारली आहे. ‘बाहेरच्यांना कधी भेटले नाहीत’ म्हणणाऱ्यानं हे तरी बघावं की ज्या नागपुरात बसून तो फॉरवर्ड करतो, ते 1702 साली देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं वसवलं. आमच्यातलेच बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढले, 21 ऑक्टोबर 1858 ला चंद्रपुरात फासावर गेले. लपून राहिलेल्यांना फाशी कशी देतात?

बायांचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, नाइलाजानं मान्य करतो. जंगलात हाकलत नाहीत, पण पाळीच्या दिवसांत गावाच्या कडेला कुर्माघरात राहावं लागतं, माडियांत आणि आमच्याकडच्या गोंडांतही. पावसाळ्यात ते गळतं, दार धड लागत नाही, साप निघतो. ते बंद व्हावं असं मला वाटतं आणि आमच्यातल्या पोरीही आता तसं तोंडावर बोलतात. पण ‘कावळा शिवला’ म्हणून सुनेला स्वयंपाकघराबाहेर बसवणाऱ्या घरांतून हा फॉरवर्ड यावा, हे जरा जास्तच झालं.

राहिली पाखरांची भाषा. ती गोंडी, तेलुगूच्या कुळातली. 2011 च्या जनगणनेत 29 लाखांहून जास्त लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. आमच्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 साली गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. तिच्या नावातच गोटुल आहे. शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवून नोटीस काढली, त्याचा फॉरवर्ड मात्र मला आजवर कोणी पाठवला नाही.