‘स्वतः गोळ्या घेतलेल्या काउन्सेलरकडे जाऊ नका’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात नागपुरात मानेवाड्याला मावशीकडे गेले, तर ती गुरुवारची अपॉइंटमेंट सोडून घरीच बसलेली. चार महिने दर गुरुवारी न चुकता काउन्सेलरकडे जात होती. का नाही गेलीस म्हटलं, तर मोबाइल पुढे केला. "हे वाच. ते पोरगी सोताच गोळ्या खात होती ना? मंग मले काय बरी करन ते?"

‘काउन्सेलरकडे जाण्याआधी हे वाचा’ असा तो मेसेज. नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर मलाही आला होता आणि मी न वाचता पुढे गेले, याचं आता वाईट वाटतं. पाच मुद्दे आहेत. पहिल्या भेटीतच विचारा, तुम्हाला कधी मानसिक आजार होता का. हो म्हणाले तर उठून या. एकदा मनोरुग्ण तो कायमचा मनोरुग्ण, कायद्यानंही त्याला हे काम करता येत नाही. चांगला डॉक्टर स्वतःबद्दल काही सांगत नाही. मनाचा आजार सगळीकडे सारखाच, आपल्या भाषेचा, आपल्याकडचा माणूस शोधणं खुळेपणा. आणि गोळ्यांचं व्यसन लागतं.

‘उठून या’ हाच सगळ्यात घातक मुद्दा. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. स्वतःला इजा करून घ्यायच्या, म्हणून एकटीला खोलीत बंद ठेवायचे. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथं होत्या. पुढे शिकल्या, आणि जीव द्यायला निघालेल्या, वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या लोकांसाठी त्यांनी एक उपचारपद्धत बांधली, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. स्वतःला आहे तसं स्वीकारायचं आणि त्याच वेळी बदलायलाही शिकायचं, हा तिचा गाभा. ‘तू बदल’ एवढंच ऐकवलं की आधीच खचलेला माणूस आणखी खचतो, आणि नुसतं ‘तू आहेस तशी ठीक’ म्हटलं तर त्याचं दुखणं तिथंच राहतं. हे त्यांना नुसतं पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९९१ साली त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीत स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाले, दवाखान्यात काढावे लागणारे दिवसही कमी झाले. आज ही पद्धत जगभर शिकवतात. स्वतःची गोष्ट मात्र त्यांनी जाहीरपणे सांगितली २०११ साली, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात जाऊन.

मेसेज लिहिणाऱ्याचं ऐकलं असतं, तर लिनेहान यांच्यासमोर बसलेला प्रत्येक रुग्ण पहिल्याच दिवशी उठून गेला असता.

कायद्याचं तर उघड खोटं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याचं तिसरं कलम सांगतं की पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात राहिलात, एवढ्यावरून तुम्हाला आज किंवा पुढे मनोरुग्ण ठरवता येत नाही. म्हणजे ‘एकदा मनोरुग्ण तो कायमचा मनोरुग्ण’ याच्या बरोबर उलट. पण ज्या शहरात ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटल्याशिवाय मनोरुग्णालयाचा पत्ता कळत नाही, तिथं असला मेसेज लोकांना खरा वाटतो. त्या चौकातून जाताना ‘तुला इथं टाकू का’ हे लहानपणी आम्हीही ऐकलं आहे. मावशीनंही ऐकलं असणार.

‘चांगला डॉक्टर स्वतःबद्दल सांगत नाही’ या तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. स्वतः भोगलं म्हणून कोणी काउन्सेलर होत नाही. शिक्षण लागतं, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेलं काम लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती जरूर विचारा. पाटी लावून बसलेले आणि तासभर स्वतःचंच रडगाणं ऐकवणारे असतात. ‘मी असं केलं, तूही असंच कर’ म्हणणारा धोक्याचाच. पण मावशीच्या काउन्सेलरनं चार महिन्यांत स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगितली. बाळंतपणानंतर तिला नैराश्य आलं होतं, तिनंही वर्षभर गोळ्या घेतल्या. आणि हे तिनं कधी सांगितलं? "माह्यासारखी वेडी बाई तुमी पाह्यली का कधी?" असं मावशीनं रडत विचारलं तेव्हा. त्याच दिवशी घरी येऊन मावशी महिन्याभरानं पोटभर जेवली.

‘आजार सगळीकडे सारखाच’ हा चौथा मुद्दा लिहिणाऱ्यानं मावशीसोबत एक दिवस काढावा. आधीच्या डॉक्टरनं घाईत विचारलं होतं, "एन्झायटी होती है क्या?" मावशी नाही म्हणाली. खोटं नव्हती बोलत, तिला तो शब्दच माहीत नव्हता. तिचा जीव घाबरतो, पोटात गोळा उठतो, हातपाय गळतात. हे शब्द कोणी विचारलेच नाहीत. दोन वर्षं पोटाच्या तपासण्या झाल्या. ही काउन्सेलर यवतमाळकडच्या खेड्यातली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "तुमच्या माहेरी याला काय म्हणतात?" मी बाजूलाच बसले होते. मावशीनं साडीचा पदर हातावर ओढून मनगटावरचा काळा धागा झाकला आणि हळूच म्हणाली, "बाहेरचं." काउन्सेलर हसली नाही, धागा काढा म्हणाली नाही. "माझ्या आईच्याही हातात होता," एवढंच म्हणाली, आणि कोणाकडे नेलं होतं, किती पैसे गेले, हे विचारत राहिली. मावशीनं पदर सोडला.

हे केवळ तिच्या चांगुलपणावर सोडलेलंही नाही. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, घरचे काय म्हणतात, कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, हे विचारायची सोळा प्रश्नांची मुलाखतच मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत २०१३ पासून दिलेली आहे. वसतिगृहातल्या पोराला आडनावावरून रोज टोमणे बसतात आणि समोरचा फक्त ‘अभ्यासाचं टेन्शन आहे का’ विचारतो, तेव्हा त्याला निम्मा आजार दिसलेलाच नसतो. ज्यानं तसे टोमणे ऐकलेत किंवा ऐकणाऱ्यांकडून समजून घेतलेत, तो पुढचा प्रश्न विचारतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, आणि आजार उलटू शकतो. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मावशीनं मेसेज वाचून त्याच रात्री आपल्या गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकलं होतं. मी गेले तेव्हा भिंत धरून स्वयंपाकघरात चालत होती. आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ज्यांना लगेच कोणाशी बोलायचं असेल त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मावशी अजून पुरती मानलेली नाही. येत्या गुरुवारी मी सुट्टी काढली आहे, सोबत जाईन म्हटलं तर "पाहू" म्हणाली. तो मेसेज ज्यांनी ज्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यांनी हेही त्याच ग्रुपवर टाकावं, आणि गुरुवारच्या आत टाकावं. मावशी तिथंच वाचते.