भंगारातला पार्ट म्हणजे भंगार पार्ट? नाही हो!

जुनी व्हॅन बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज आत्तापर्यंत कुणी ना कुणी पाठवलाच असेल, मला चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा मेहुणा, ज्याला बोनेट कुठून उघडतं ते अजून शोधावं लागतं. मेसेज थोडक्यात असा, की भंगारातल्या गाडीचा पार्ट कधीच घेऊ नका. का, तर एक, गाडी भंगारात गेली म्हणजे तिचं सगळं संपलेलंच असतं. दोन, तिथला माल चोरीचा असतो. तीन, दुसऱ्या गाडीचा पार्ट आपल्या गाडीला धड बसत नाही. चार, जिवाशी खेळ. आणि पाच, स्वस्तातला का होईना पण नवा पार्ट कधीही बरा. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि "सर्वांना पाठवा".

माझी व्हॅन वीस वर्षांच्या पुढची आहे आणि तिच्यासाठी मी बरीच वर्षं भंगार गाड्यांच्या यार्डात जातोय. मेकॅनिक नाही, हौशी आहे, पण एवढे रविवार त्यात घातलेत की ह्या पाचही गोष्टींवर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. मेसेज सगळाच खोटा नाहीये, तीच तर गोची आहे. चौथा मुद्दा निम्मा खरा आहे आणि त्या निम्म्या खऱ्याच्या जिवावर बाकीचं सगळं खपून जातंय.

पहिला मुद्दा घ्या, गाडी भंगारात म्हणजे सगळं संपलं. अरे पण गाडी भंगारात येते कशाने? पुढून ठोकली आणि रिपेअरचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला, किंवा इंजिन बसलं, गिअरबॉक्स गेला, खालून चेसिस गंजून कुजली, किंवा नुसतं वय झालं आणि मालकाला नको झाली. ह्यातल्या प्रत्येकीत एखादीच गोष्ट मेलेली असते. पुढून ठोकलेल्या व्हॅनचे मागचे दरवाजे, टेललाइट, मागची काच, सीटं, सगळं जसंच्या तसं. इंजिन बसलेल्या व्हॅनची तर बॉडी बघत राहावी अशी असते कधीकधी. म्हणून यार्डात शिरल्यावर पहिला प्रश्न पार्ट कुठाय हा नाही, ही गाडी कशाने मेली हा असतो, आणि ते कळलं की काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही ते अर्धं ठरतंच.

एका प्रकारच्या गाडीपुढे मात्र मी मेसेजवाल्याला पूर्ण मार्क देतो, ती म्हणजे पुरात बुडालेली. बाहेरून धुऊन चकाचक दिसते आणि फसवते. ओळखायला सोपं आहे, सीटबेल्ट हळूहळू पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली की समजायचं पाणी कुठवर होतं. मग डॅशबोर्डखालचा एखादा कनेक्टर उपसून बघायचा, पिनांवर हिरवट पूड असेल तर त्या गाडीतली विजेवर चालणारी एकही वस्तू घ्यायची नाही, अगदी फुकट दिली तरी नाही, कारण ती आज चालेल आणि पुढच्या महिन्यात कधीतरी बंद, आणि तुम्ही वायरिंगमध्ये फॉल्ट शोधत बसाल.

आता उलटं उदाहरण. माझ्या व्हॅनचा सरकता दरवाजा दोन वर्षं रडत होता. बंद करताना शेवटच्या वितीत उचलून ढकलावा लागायचा. गॅरेजमध्ये सांगितलं दरवाजाच वाकलाय. दरवाजा बिरवाजा काही वाकला नव्हता, बॉडीच्या बाजूला मधल्या पट्टीत जो रोलर फिरतो तो घासला होता, मागच्या कडेचा सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो चपटा झाला की दरवाजा खाली बसतो. यार्डात त्याच मॉडेलची एक सामानवाहू व्हॅन सापडली, पण तिचा रोलर माझ्यापेक्षा वाईट, साहजिकच, सामान भरणारा माणूस दिवसात किती वेळा दरवाजा उघडतो विचार करा. शेजारी तीच व्हॅन पण घरगुती वापरातली, मागे लहान मुलांचे स्टिकर चिकटवलेले, ड्रायव्हरच्या बाजूने ठोकलेली. तिचा रोलर बोटाने फिरवला तर गुळगुळीत, कुठे अडकत नाही, हलवून बघितला तर खुळखुळत नाही, कडेला चपटेपणा नाही. ब्रॅकेटसकट काढला, तीन बोल्ट. आता दरवाजा एका बोटाने सरकतो. हा पार्ट "संपलेला" होता असं म्हणणाऱ्याने येऊन एकदा सरकवून बघावा.

दुसरा मुद्दा, चोरीचा माल. ह्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सायलेन्सरच्या लायनीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लोक करवतीने कापून नेतात, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, त्यामुळे कुणी सुटा कन्व्हर्टर पिशवीत घालून विकायला आला तर चार हात लांब राहायचं. पण सुटा पार्ट आणि उभ्या गाडीतून स्वतः काढलेला पार्ट ह्यात फरक आहे ना! यार्डात गाडी समोर उभी असते, तिचा चेसिस नंबर तिथेच असतो, 1981 नंतरच्या बहुतेक गाड्यांना तो 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. त्या नंबरच्या प्लेटचा फोटो काढा, बिलावर तो नंबर लिहून मागा. लिहून द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका, संपला विषय.

तिसरा, बसत नाही. हे वाचून मला हसू आलं, कारण व्हॅनच्या बाबतीत तर हे सगळ्यात कमी खरं आहे. कारची मॉडेलं पटापट बदलतात, व्हॅन एकदा जमली की कंपन्या तिला सहजासहजी हात लावत नाहीत. शिवाय एकच व्हॅन वेगवेगळ्या नावाने विकतात. फियाट डुकाटो, प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर ही भावंडं आहेत, इटलीतल्या अतेस्सा गावच्या एकाच कारखान्यातून वर्षानुवर्षं निघत आलीत, 1981 पासून हा धंदा चालू आहे. 2006 ते 2016 मधली फोक्सवॅगन क्राफ्टर तर मर्सिडीझच्याच कारखान्यात स्प्रिंटरबरोबर बनायची. म्हणजे तुमच्या नावाची व्हॅन यार्डात नाही म्हणून हात हलवत परत येऊ नका, तिच्या भावंडाचं नाव शोधा.

पण इथेच एक खड्डा आहे. त्या क्राफ्टरला इंजिन फोक्सवॅगनचं स्वतःचं होतं, म्हणजे दरवाजा स्प्रिंटरचा चालेल पण इंजिनवरचं सामान नाही. म्हणून डोळ्याने सेम दिसतंय ह्यावर जायचं नाही, पार्टवर कोरलेला नंबर आपल्या जुन्या पार्टच्या नंबरशी जुळवायचा, त्यासाठी शक्यतो जुना पार्ट बरोबर घेऊन जायचा, निदान फोटो तरी. मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा घेत असाल तर नुसती व्हॅन सेम असून पण भागत नाही, आतल्या गिअरचा रेशो वेगळा निघू शकतो, दोन्ही मागची चाकं एकत्र एक फेरा फिरवा आणि गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजा, घरी आपल्या गाडीवर पण तेच करून आलेलं असाल तर लगेच कळतं. इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, हे तर वेगळंच प्रकरण, तो किल्लीतल्या चिपशी कोडने बांधलेला असतो, नुसता डबा आणून लावला तर नंबर सेम असूनही गाडी स्टार्ट होणार नाही, घ्यायचा तर इमोबिलायझर (चोरी रोखायला किल्लीची चिप तपासणारी यंत्रणा) आणि किल्ली असा पूर्ण सेट नाहीतर कोडिंग करणारा माणूस ओळखीचा हवा. मी ह्यात एकदा फसलोय, तो डबा अजून माळ्यावर आहे.

चौथा मुद्दा, जिवाशी खेळ. इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे, पण त्याच्यासारखं सगळं एका टोपलीत टाकून नाही. माझा हिशोब असा असतो की हा पार्ट बिघडला तर काय होईल, आणि बिघडायला आलाय हे मला बघून कळेल का? दाराचं हँडल तुटलं तर खिडकीतून हात घालून दार उघडेन. ब्रेकचा रबरी होज आतून सुजला तर बाहेरून तो अगदी नव्यासारखा दिसतो, आणि आत रस्ता बंद, पेडल सोडलं तरी चाक जॅम. हे मला बघून कळणार नाही, मग तो मी यार्डातून घेत नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर पण नाही, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिऊन घेतं आणि गाडी यार्डात महिनोन्महिने उभी राहिली की सिलिंडर आतून गंजतो. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट, रबराच्या सगळ्या वस्तू, नवीनच.

एअरबॅग तर विचारूच नका. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरचं, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या डब्याचं प्रकरण आठवतं का, त्यात अमोनियम नायट्रेट होतं, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते इतकं बिघडायचं की बॅग फुगताना धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे माणसाला लागायचे, जगभरात 10 कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. यार्डातल्या गाडीत तसलाच एखादा नसेल कशावरून? बाहेरून काहीच कळत नाही. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या की त्या एअरबॅगच्या किंवा बेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेच्या समजायच्या आणि पाना बाजूला ठेवायचा. सीटबेल्टचंही तेच, ठोकलेल्या गाडीत त्याने एकदा माणसाचं वजन झेललेलं असतं, त्याचं काम झालं. टायरवर निदान जन्मतारीख असते, 2000 सालापासून टायरच्या कडेला असलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, 2314 असेल तर 2014 चा 23 वा आठवडा, आणि यार्डात तुम्हाला असलेच टायर मिळतात, नक्षी भरपूर पण रबर लाकूड झालेलं.

पण ह्या यादीवरून टेललाइट, आरसा, वायपर मोटर, काच वर-खाली करणारी यंत्रणा, सीट, बिजागऱ्या, रेडिएटरचा फॅन ह्यांना पण जिवाचा धोका म्हणून बाद करणं म्हणजे सुरीने बोट कापतं म्हणून चमचे फेकून देणं झालं.

पाचवा मुद्दा, स्वस्तातला नवा बरा. ह्याच्यावर माझा खास राग आहे. मागच्या दाराचं हँडल मी असंच नवीन घेतलं, कंपनीचं नाही, दिसायला हुबेहूब, चकचकीत. तिसऱ्या महिन्यात हातात आलं. तुटलेली जागा बघितली तर धातू राखाडी, भुसभुशीत, मध्ये बारीक भोकं, बिस्किट मोडल्यासारखं. त्याच्या जागी यार्डातलं कंपनीचं मूळ हँडल लावलं, रंग उडालेलं, दिसायला भिकार, चार वर्षं झाली त्याला. जो पार्ट मुळात चांगला बनलाय आणि वीस वर्षं टिकून दाखवलंय त्याला नुसता जुना म्हणून खाली बसवायचं आणि काल साच्यातून निघालेल्याला वर, हे कुठलं गणित?

आणि गंमत म्हणजे स्टार्टर आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर रिबिल्ट म्हणून जे खोक्यात पॅक करून मिळतात ते येतात कुठून? जुन्याच स्टार्टर-अल्टरनेटरमधून, म्हणून तर दुकानदार तुमचा जुना परत मागतो. त्यात बेअरिंग, ब्रश, एखादा डायोड नवीन टाकून, साफ करून, रंग मारून तुमच्या हातात देतात. ते यार्डातल्या पार्टवर पण करता येतं. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय, ब्रश आखूड झालेत का बघा, गाडीवर चढवल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा, 14 व्होल्टच्या आसपास दाखवलं आणि हेडलाइट-हीटर सगळं लावून पण फार खाली आलं नाही तर तुमचं काम झालं.

खरं तर यार्डाच्या विरोधात जे लिहायला हवं होतं तेच मेसेजमध्ये नाहीये. वेळ जातो, प्रचंड जातो. गंजलेला एक बोल्ट अर्धा दिवस खातो, प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत काचेसारख्या तुटतात आणि पार्ट मिळाला तरी त्याचे स्क्रू तिथेच विसरून येतो आपण, आता मी प्रत्येक पार्टबरोबर त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्यालाच बांधतो आणि कनेक्टर असेल तर मागची वीतभर वायरसुद्धा कापून आणतो. हीटरच्या ब्लोअर मोटरसाठी मी एका व्हॅनचा अर्धा डॅशबोर्ड दोन रविवार घालून सोडवला होता, शेवटचा एक स्क्रू राहिला, त्याला लागणारं स्क्रूड्रायव्हरचं बिट जवळ नव्हतं. बिट घेऊन तिसऱ्या रविवारी गेलो तर ती जागा रिकामी, कोपऱ्यात दाबून चपट्या केलेल्या गाड्यांचा ढीग, आणि त्यात मधोमध तिचा निळा रंग ओळखू येत होता.